आबांच्या खिडकीला तेल की व्हार्निश

५ एप्रिल १९६६. खिडकीच्या आतल्या चौकटींना काय लावायचं, ते त्या दिवशी ठरवायचं होतं. सुतार हत्यारं बांधून गेला होता. नवं सागवान कोरंच होतं. रंगारी दारात उभा होता, आणि एकदा लग्नसराईच्या कामांना लागला की तो पावसाळ्याआधी हाती लागणार नव्हता.

खिडकी सासऱ्यांच्या खोलीची. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. पलटणीतून पेन्शनीत आल्यापासून ते त्याच खोलीत असत. त्यांना दमा होता. आदल्या पावसाळ्यात जुनं लाकूड फुगलं, खिडकी मिटेना, ओल आत आली आणि आबांची छाती भरली. रात्री शेक द्यायचा, सकाळी शाळेत जाऊन वर्ग सांभाळायचा, आल्यावर धुणं. साताऱ्यातला तो पावसाळा मी उभ्यानंच काढला. आता एकदा लावून चार वर्षं विसरता येईल असं काहीतरी मला हवं होतं.

रंगारी म्हणाला, “पॉलिश नको, वैनी. पान्याचा थेंब पडला की पांढरा डाग. ऑइल पेंटचं घासून टवकं उडत्यात. व्हार्निशचं दोन हात मारतो. वास मातर लय. आबांना आठ दिस दुसरीकडं झोपवा.”

“कुठं झोपवणार?” आबांनी बाजेवरून विचारलं.

“तासगावला, भावजींकडं,” मी म्हटलं. “आठ दिवस.”

“त्यापरीस जवसाचं तेल पाजा. बंदुकीच्या दस्त्याला आमी तेच चोळत हुतो. पावसात, चिखलात, दस्ता कवा फुगला न्हाई.”

रंगारी हसला. “आवं आबा, खिडकी म्हंजे काय बंदूक हाय व्हय? तेल वाळाय लय दिस लागत्यात. आन् दर साली चोळाय लागतंय. कोन चोळनार?”

“तू गप रं. तुला डबा खपवायचाय.”

कोण चोळणार, ते मला ठाऊक होतं. “माझ्यानं दर साली व्हायचं न्हाई, आबा. व्हार्निशच लावू.” मी रंगाऱ्याला डबा आणायला पाठवलं.

संध्याकाळी चहा घेऊन गेले, तर ते ट्रंक भरत होते. गरम कोट, दोन्ही घोंगड्या, पदकं, सासूबाईंची तसबीर. भिंतीवर खिळा तेवढा राहिला होता.

“आवं, उन्हाळ्यात घोंगड्या कशाला? आठ दिवसांनी तर येणार.”

“वास जाईल आठ दिसात. मंग तुमी म्हनाल, पोरीची मॅट्रिक हाय, खोली तिला असू द्या. मंग पाऊस लागंल. मंग माझं सामान तिकडं कोन पोचवनार? एकदमच नेतो.”

खोलीचं हे बोलणं घरात झालेलं होतं. स्वयंपाकघरात, हळू आवाजात. मधली भिंत पातळ होती.

मी कप खाली ठेवला. मुलीला खोली हवी होती, ते खोटं नव्हतं. मी दमले होते, तेही खोटं नव्हतं. पण तासगावच्या एसटीत बसून हा माणूस परत येणार नाही, हे त्या खिळ्याकडे बघून मला कळलं. पोरगी माजघरात अभ्यास करू शकत होती.

“खालच्या चौकटी तुमी चोळायच्या,” मी म्हटलं. “वरच्या मी. मला एकटीला जमणार न्हाई.”

ट्रंकेची कडी वाजवत ते म्हणाले, “कच्चं नको. उकळलेलं आन, लवकर वाळतंय. आन् हात राखून लाव. तुमा बायकांचा तेलाचा हात लय सैल.”

“वांग्यात घालते तवा काय बोलत न्हाई तुमी.”

“वांगं खायाचं असतंय. खिडकी चिकट हुईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हार्निशचा डबा रंगाऱ्याच्या हाती परत दिला, त्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि तेल आणलं. जुनं धोतर फाडून चिंध्या केल्या. आबा स्टुलावर बसून खालची चौकट चोळत होते, दोन हात फिरवले की दम घ्यायला थांबत होते. मी वरची पुरी केली. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर पेट घेतो, असं ते ओरडून सांगत होते, म्हणून एकेक चिंधी दोरीवर वाळत घातली. मग भिंतीवरच्या खिळ्याला तसबीर परत अडकवली आणि शाळेला गेले.