सगळ्या रोट्यांना दहापैकी दहा

यामनाला सगळे मानानं लाल्ला म्हणायचे, आणि तिच्या तोंडाला आख्खं गाव टरकून असायचं. तिन्ही सुना, गावचा न्हावी, इमामाचा बेसूर गळा, मेकनेस शहराहून येणारी बस, सगळ्यांना तिनं नावं ठेवून झाली होती. रोटीला मात्र कधीच नाही. वाटेत पडलेला तुकडासुद्धा ती उचलायची, ओठांना लावायची, कपाळाला लावायची आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून भिंतीवर ठेवायची. रोटीला वाईट म्हणशील तर जीभ झडेल, असा दम आईनं लहानपणीच भरला होता.

आणि गव्हाच्या संशोधन केंद्रातल्या डॉक्टर बूशाइबनं रोटी चाखायला नेमकं हिलाच धरून नेलं! बारा वर्षं खपून त्यानं कमी पावसात तगणारे पाच नवे गहू तयार केले होते. पैसा चार देशांतून यायचा. आता तो देणारी माणसं येणार होती. पाचांतला एकच गहू पुढे जायचा आणि त्याचंच बियाणं गावोगाव वाटलं जायचं. म्हणून यामना आणि तिच्या चार मैत्रिणी महिनाभर नुसत्या चाखत बसल्या.

"लाल्ला, चार नंबरला किती?"

"दहा."

"आणि दोन नंबरला?"

"दहा. काय रे सारखं सारखं विचारतोस?"

डॉक्टर खूश! पाचही बायकांचे पाचही रोट्यांना दहापैकी दहा, आणि या शहाण्याला एकदाही शंका आली नाही. उरलेल्या रोट्या बायका घरी न्यायच्या. दोन नंबरची नातवंडांना, चार नंबरची गाढवाला. पण हे त्यानं विचारलंच नव्हतं, मग सांगणार कोण?

पाहुणे आले. चहा झाला. पुदिना कमी पडलाय, हे यामनानं ऐकवूनही झालं. मग चष्मा लावलेल्या पाहुण्या बाईंनी कागद चाळले, काहीतरी म्हणाल्या आणि डॉक्टरनं हात चोळत सगळ्यांना सांगितलं, "चवीला पाचही सारखे. तेव्हा ज्याचं पीक जास्त, तोच घ्यायचा. चार नंबर!"

यामनाचा पेला हातातच राहिला. चार नंबर? सकाळी भाजली की दुपारी दगड! तीन वर्षं धड पाऊस नाही, गाव या बियाण्याकडे डोळे लावून बसलेलं, आणि आता नातवंडांनी जन्मभर हे चावायचं? तेही आपल्यामुळे? तिनं पेला खाली ठेवला.

"डॉक्टर, थांब. तो दहाचा आकडा खोड."

"अहो, तुम्हीच तर दिलात!"

"मग काय करणार होते? रोटीच्या तोंडावर रोटीला वाईट म्हणू? तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं का रे?"

डॉक्टरचा चेहरा खर्रकन उतरला. त्याच्याही आईनं तेच शिकवलं होतं. शिकून मोठा झाला आणि नेमकं तेवढंच विसरला.

"यामना, गप बस गं," मैत्रिणी तिचा झगा ओढू लागल्या. तिनं तो सोडवून घेतला आणि टोपलीतली चार नंबरची रोटी उचलली. ओठांना लावली, कपाळाला लावली. तिचे डोळे भरून आले. आता जे करायचं होतं, ते उभ्या जन्मात तिनं केलं नव्हतं.

"माफ कर गं बाई," ती रोटीला म्हणाली, "पण तू चांगली नाहीस. माझं गाढवसुद्धा तुला बघून तोंड फिरवतं."

जीभ जागेवर आहे ना, हे तिनं दातांनी हळूच चाचपून पाहिलं. होती.

डॉक्टरनं चाचरत पाहुण्यांना सगळं सांगितलं. चष्मेवाल्या बाईंनी ती रोटी मोडून पाहिली. मोडेना. त्यांनी ती टेबलावर आपटली, तेव्हा यामनानं झटकन हिसकावून घेतली.

"आपटायची नाही! सांग त्यांना."

"सांगतो, सांगतो," डॉक्टरनं पेन काढलं. "आधी दोन नंबरला किती ते बोला."

"तो खराच दहा."

"आणि हिला?"

यामनानं हातातल्या रोटीकडे पाहिलं, मग ती झग्याआड घेतली.

"तीन," ती कुजबुजली. "हळू लिही. तिला कळता कामा नये."