लिलावात पुस्तक गेलं, वर पाच रुपयेही

सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, तो आवाज अजून कानात घुमतो.

मित्रहो, घरात जागा नाही, म्हणून शाळेतली जुनी कवितांची पुस्तकं ऑनलाइन लिलावात विकायला काढली. पहिलं चारशेला गेलं! आज सकाळी पूर्वीच्या सवयीने पुठ्ठे लावून, मांजरपाटात शिवून पार्सल केलं.

सूनबाई म्हणाली, "बाबा, पुस्तक पाठवताय की नवरी?"

वजन वाढलं, कुरिअरचे अडीचशे झाले. साइटचं कमिशन साठ, कापड-पुठ्ठा पंच्याण्णव. म्हणजे पदरचेच पाच गेले.

उरलेली कपाटभर पुस्तकं कुणाच्या हाती सोपवू? तुम्ही तुमच्या पुस्तकांचं काय केलंत?

हे लिहितोय तोच बेल वाजली. दारात रद्दीवाला, खांद्यावर तराजू.

"आजोबा, ताईंनी बोलावलंय. कपाट कुठंय?"