चकरीभाऊच्या खाचा

चकरीभाऊंना धड बसलेले मी कधी पाहिले नाही. जेवायलासुद्धा ते एका गुडघ्यावर बसत, दुसरा पाय उठायच्या तयारीत. बोलताना हाताला काहीतरी लागायचेच. नट, पाना, सुतळीचा तुकडा. आणि यांतले काहीच नसले तर समोरच्याच्या सदऱ्याचे बटण. माझी दोन बटणे त्यांनी अशी गप्पांच्या भरात तोडली आणि दोन्ही वेळा स्वतः शिवून दिली. शिंप्याने लावलेली उरलेली बटणे यथावकाश गळाली. भाऊंनी शिवलेल्या त्या दोन बटणांसह तो सदरा शेवटी बोहारणीकडे गेला.

खामगावच्या एका जिनिंगमध्ये ते फिटर होते. मूळचे जळगाव जामोदकडचे, घरची शेती. पण ती थोरल्या भावावर सोपवून आलेले. "पीक पेरा अन् मंग त्याच्याकडं पाहत बसा! आपल्याच्यानं नाही होत, मास्तर," असे त्यांचे शेतीविषयी एकंदर मत. जिनात कापसाचा हंगाम दिवाळीला सुरू होई आणि होळीच्या आसपास संपे. तोवर त्यांचे हात यंत्रांत गुंतलेले असत आणि गल्ली सुखात असे. यंत्रे थांबली की चकरीभाऊ मोकाट. मग लोक आपापल्या वस्तू झाकून ठेवत. कोणी नुसते "काय भाऊ, कसं काय?" असे विचारले, तरी विचारणारा लगेच जोडी, "आमचं घड्याळ बरं चालू आहे हं." कारण चालू घड्याळही कसे चालते हे त्यांना पाहावेच लागे.

महाराष्ट्र नवा नवा होता आणि मीही खामगावच्या शाळेत नवा मास्तर होतो. त्यांच्या शेजारच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या होत्या. एका उन्हाळ्यात भाऊ डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन जवळजवळ पळतच आले. पूर्वी कापूस खरेदी करणाऱ्या एका परदेशी कंपनीचा फ्रेंच साहेब गावाबाहेरच्या बंगल्यात राहायचा. तो कधीच निघून गेला होता. त्याचे सामान जिनाच्या भंगारात येऊन पडले होते, आणि भंगार म्हणजे भाऊंचे माहेरच.

ट्रंकेत हाताने फिरवायचे सिनेमाचे यंत्र निघाले. घरच्या घरी, चार पाहुण्यांना दाखवायचे. सोबत डबीएवढ्या रिळांत फ्रान्सचे जुने मुके सिनेमे. फिल्म करंगळीएवढी रुंद, आणि तिची भोके कडेला नसून बरोबर मधोमध. फिल्म जागोजाग तुटलेली, चिकटलेली, वाळून कडक झालेली. भाऊंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जणू घरात बाळ झाले आहे आणि तेही आजारी.

दोन महिने त्यांनी त्या फिल्मची सेवा केली. टॉकीजच्या ऑपरेटरकडून चिकटवायचा रस आणला. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, तांदळाच्या परातीत रिळे मांडून एकेक तुकडा पुसला, सांधला. एके दिवशी मला हाक मारून म्हणाले, "हे पाह्य मास्तर, उंदीर किती शिस्तीचा! जिथं जिथं अक्षराची पाटी हाये, तिथं तिथं कडेचा एकच घास घेतला त्यानं." खरेच, प्रत्येक पाटीजवळ फिल्मच्या कडेला नखाएवढी खाच होती. भाऊंनी त्या सगळ्या खाचा फिल्मचे बारीक तुकडे लावून बुजवल्या. इतक्या सफाईने, की बोट फिरवले तरी कळू नये. आम्ही दोघांनी मिळून त्या उंदराला शिव्याही घातल्या.

पहिला खेळ झाला अंगणात, दिवेलागणीनंतर, दोरीवर चादर बांधून. भाऊ हँडल फिरवत होते. त्या हँडलच्या चकरांमुळे तेव्हापासून त्यांचे नाव चकरीभाऊ पडले, आणि खरे आडनाव लोकांना आठवेनासे झाले. चित्रात माणसे ओठ हलवत होती, फ्रेंच पाट्या डोळ्याचे पाते लवायच्या आत पळून जात होत्या, आणि गल्ली बुचकळ्यात पडली होती. तेव्हा वहिनी चादरीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि गोष्ट सांगू लागल्या. त्यांना वाचता येत नव्हते, त्यामुळे फ्रेंच आणि मराठी त्यांना सारखेच अवघड होते. त्या तोंडे वाचत.

"हा पोस्टमन. डोंगर चढून राह्यला बिचारा सायकल घेऊन. अन् थो वरता बुढा, त्याची पाणचक्की हाये."

"वहिनी, पोस्टमनले पाणी तं पाजा!" समोरचा पानवाला ओरडला.

"पाजते ना बे! थो सायकलवरून उतरू तं दे आंधी!"

पण पडद्यावर तोवर पोस्टमन पाणी पिऊन निघूनही गेलेला असायचा. वहिनी वैतागत. "अवो, थांबवा ना जरासक! त्या पोरीचं तोंड पाहू द्या. असं पयवता जसं मागं कुत्रं लागलं!"

"अवं, थे पयते. म्या नाही पयवत."

आणि एका शनिवारी, पहिल्यांदाच लावलेल्या एका रिळात, चित्र आपोआप थांबले. भाऊ हँडल फिरवत होते आणि चादरीवर एक फ्रेंच पाटी तशीच उभी! चार-पाच फेऱ्यांनंतर चित्र पुढे चालू लागले. भाऊंनी खेळ बंद केला आणि अख्ख्या गल्लीला अंधारात बसवून यंत्र उघडले. आत एक इवलीशी कळ होती. फिल्मच्या कडेला खाच आली की ती कळ आत पडे आणि चित्र क्षणभर जागीच राही. पाटी वाचायला वेळ मिळावा म्हणून फ्रान्समधल्या कोणा हुशार माणसाने केलेली युक्ती होती ती. ही एक खाच भाऊंच्या नजरेतून सुटली होती. म्हणजे उंदीर निर्दोष होता.

दुसरा कोणी असता तर त्याने कपाळाला हात लावला असता आणि बुजवलेल्या खाचा पुन्हा उघडल्या असत्या. भाऊ म्हणाले, "पाटी थांबवून काय कराचं? वाचनार कोन?" त्यांनी कानस घेतली आणि वहिनींना विचारले, "कुठं कुठं थांबू, सांग." त्या उन्हाळ्यात त्यांनी पोरीच्या चेहऱ्यावर खाच मारली, पोस्टमनच्या पाणी पिण्यावर मारली, आणि म्हातारा पत्र उघडतो तिथे तर लागोपाठ तीन मारल्या. आज घरोघरी व्हिडिओ आहे. माझा पुतण्या भाड्याची कॅसेट आणतो आणि बटण दाबून हवे तिथे चित्र थांबवतो. त्याला वाटते हे नवे आहे.

असे चार उन्हाळे गेले. शनिवारी लोक आपापली पोती घेऊन येत. सगळ्यांत लाडका हा पाणचक्कीचा सिनेमा. त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. म्हाताऱ्याचा मुलगा लढाईवर गेला आहे. सून दारात उभी राहून वाट पाहते. पोस्टमन पत्र आणतो, म्हातारा ते वाचतो, आणि शेवटी त्याचा चेहरा मोठा होऊन पडदाभर येतो. "पोरगं येऊन राह्यलं!" वहिनी सांगत, "पाहा, बुढा कसा हासला!" आणि बाया पदराने डोळे पुसत घरी जात.

यात काडी घातली मी. माझ्या एका पुणेकर मित्राला हे सगळे गमतीने, चांगले मीठमसाला लावून लिहून कळवले. त्याने ते पत्र जुन्या फिल्मा जपायचे काम करणाऱ्या एका साहेबांना दाखवले, आणि पंधरवड्यात ते साहेब खामगावात हजर. भाऊंच्या घरी दुपारी आम्ही चौघेच होतो. साहेबांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, भिंग लावले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"या खाचा कोणी केल्या?"

"म्याच," भाऊ खुशीत म्हणाले. "साफ आल्या ना?"

"आणि मूळच्या?"

"त्या उंदराच्या? बुजवल्या."

"अहो, त्या कंपनीच्या होत्या! म्हणजे आता हा सिनेमा जिथं थांबायला हवा तिथं पळतो आणि जिथं पळायला हवा तिथं थांबतो!"

"हाव," भाऊ म्हणाले. "पन थांबते ना."

साहेब मोठ्याने हसले, आणि मग हसायचे थांबले. या सिनेमाची पुरी प्रत त्यांच्या माहितीत कुठेच नव्हती. खुद्द फ्रान्समध्ये फक्त एक तुकडा उरला होता. "तुम्ही दर वेळी चालवता, तेव्हा ही मधली भोकं थोडी थोडी फाटतात. आणखी दोन उन्हाळे चालेल. मग हातात भुगा राहील. मला द्या. आम्ही दुरुस्त करू, प्रत काढून तिकडे पाठवू. मात्र ही फिल्म तुम्हाला परत मिळायची नाही."

"अन् माह्या खाचा?"

"बुजवाव्या लागतील. जसं होतं तसं करायचं असतं."

"जसं होतं तसं म्हंजे कवाचं, साहेब? आमच्याकडं तं असंच होतं."

साहेब भिंग पुसू लागले. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी सहज विचारले, "साहेब, तुमाले हे अक्षर वाचता येते म्हनते मास्तर. त्या बुढ्याच्या पत्रात काय लिहेल हाये?"

साहेबांनी पाटी शोधली. भिंगातून वाचली. पुन्हा वाचली. "मुलगा लढाईत गेला, असं लिहिलं आहे, बाई."

"गेला म्हंजे?"

"गेला."

वहिनींनी हातातला कप खाली ठेवला. "मंग शेवटी बुढा हासते काऊन?"

"हसत नाही तो. रडतो आहे."

"साहेब," वहिनी हळू म्हणाल्या, "तुमी त्याले आज भिंगातून पाह्यलं. म्या चार उन्हाळे पाह्यलं. हासते थो."

साहेब तीन दिवस विश्रामगृहावर उत्तराची वाट पाहत थांबले, आणि ते तीन दिवस गल्ली विसरायची नाही. भाऊंनी माझी सायकल छर्ऱ्यांपर्यंत खोलली. सार्वजनिक नळाची तोटी काढली. पानवाल्याचा रेडिओ त्याच्या डोळ्यांदेखत उचलून नेला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच यांतले काहीही त्यांनी परत जोडले नाही. अर्धवट टाकून उठत आणि अंगणात येरझाऱ्या घालत. मी मागे मागे चालायचो.

"मास्तर, ठेवलं तं मरते. देल्लं तं जाते. मंग फरक काय?"

"दिलं तर कुठेतरी राहील तरी."

"कुठंतरी! अन् शनिवारी ह्या लोकाईले काय दाखवू? अन् हिनं काय सांगावं? पोरगं मेलं म्हून?"

शेवटी निकाल लावला वहिनींनी. भाकरी थापता थापता, मागे वळूनही न पाहता. "द्या त्याईले. आपल्या हातानं नका मारू. पन खाचा तुमीच बुजवा. दुसऱ्यानं हात लावला तं कडा फाटतीन."

साहेब म्हणाले, त्यासाठी आमच्याकडे तंत्रज्ञ आहेत. भाऊंनी एक खाच त्यांच्यासमोरच बुजवली आणि म्हणाले, डोळे मिटून बोट फिरवा, कुठं होती सांगा. साहेबांनी दोनदा बोट फिरवले. मग डोळे उघडून म्हणाले, "चला माझ्याबरोबर." दुसऱ्या दिवशी भाऊ साहेबांबरोबर पुण्याला जायला ट्रंक मांडीवर घेऊन जलंब जंक्शनच्या गाडीत बसले. हमालाला त्यांनी तिला हातसुद्धा लावू दिला नाही. यंत्र गेले, रिळे गेली. घरी उरली ती चादर.

चकरीभाऊंना जाऊन आता सात वर्षे झाली. त्यांची आठवण निघाली की लोक त्यांच्या खोडींचे किस्से सांगतात. मला मात्र ते पुण्याहून परतले तो शनिवार आठवतो.

अकरा दिवस झाले होते. भाऊंचा पत्ता नव्हता. सवयीने लोक पोती घेऊन आले आणि अंगणात बसले. मी सांगायला निघालो, की आता सिनेमा नाही. वहिनींनी मला थांबवले. "भाऊजी, चादर बांधून द्या."

"पण दाखवणार काय?"

"दाखवाचं कायले? पाह्यलं नाही का त्याईनं?"

मी चादर बांधली. एक कंदील ठेवला. वहिनी शेजारी उभ्या राहिल्या आणि कोऱ्या चादरीवर त्यांनी पोस्टमन डोंगर चढवला. खरे सांगतो, कोणी हसले नाही. पानवाल्याने पाणी पाजायची आठवण केली, वहिनींनी त्याला झापले, पोस्टमन पाणी प्याला. सून दारात आली. म्हाताऱ्याने ओले हात पुसले, पत्र घेतले, उघडले.

आणि वहिनी गप्प झाल्या.

लोक वाट पाहत राहिले. ज्यांना उत्तर तोंडपाठ होते तेही. कंदिलाच्या उजेडात मी वहिनींचा चेहरा पाहत होतो. त्या खोटे बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि खरे त्यांच्या तोंडून निघत नव्हते.

"वहिनी, काय लिहेल हाये पत्रात?" पानवाल्याने विचारले.

"पोरगं येऊन राह्यलं, असं लिहेल हाये."

आवाज मागून आला. फाटकात चकरीभाऊ उभे होते. हातात पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ. अकरा दिवस त्यांनी ती फिल्म बोटांखालून घातली होती. त्या पाटीची खरी खाचही त्यांनीच परत उघडली असणार. तिच्यावर काय लिहिले आहे ते खामगावात त्यांच्याइतके नक्की कोणालाच माहीत नव्हते.

"म्या पुन्यात मोठ्या पडद्यावर पाह्यलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "साहेबानं सोता वाचून दाखवलं."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले. मग पदर सारखा केला आणि कोऱ्या चादरीकडे वळल्या.

"अन् मंग," त्या म्हणाल्या, "बुढा हासला."