आधी नुसता हरलेला

सोमवारी दुपारी थोरले काका गेले. बाबांनी फोनवर सांगितलं, "अण्णा गेला." मग त्यांनी फोन ठेवलाच नाही...

आमचे पूर्वज म्हैसूर संस्थानच्या फौजेत शिलेदार होते. त्यांची तलवार खंडेनवमीच्या आयुधपूजेला घरातल्या थोरल्या मुलानं म्यानातून काढायची, ही अग्रहार वस्तीतल्या आमच्या घराची रीत. काका तरुणपणी सैन्यात भरती झाले आणि प्रशिक्षण अर्धवट सोडून परत आले. त्या वर्षी आजोबांनी काकांना ओलांडून तलवार बाबांच्या हाती दिली. कोणी काही विचारलं नाही. पुढे काका कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले, तेव्हा पूजेत आपलं आयुध म्हणून त्यांनी जाडजूड डिक्शनरी मांडली. "हे काय कापतं रे?" आजोबांनी विचारलं. "सध्या मलाच कापतंय, अप्पा," काका म्हणाले.

शाळेत असल्यापासून मी त्यांच्या खोलीत वाचत बसायची. भित्र्या माणसासाठी इंग्रजीत जे जे शब्द आहेत, ते त्यांना पाठ होते. ‘कॉवर्ड’च्या मुळाशी शेपूट आहे, हे सांगताना ते हसायचे. ‘पोल्ट्रून’ म्हणजे लढाई टाळायला अंगठा तोडून घेणारा, ही जुनी व्युत्पत्ती आता कोणी मानत नाही, याचं त्यांना वाईट वाटे. अंगठा तोडायलाही धीर लागतो की, म्हणायचे. ‘क्रेव्हन’पाशी मात्र ते थांबत... "हा आधी नुसता हरलेला असावा. भित्रा त्याला मागाहून बघणाऱ्यांनी केला." मला वाटायचं, काका स्वतःची बाजू मांडताहेत.

आजोबांच्या पश्चात एका आयुधपूजेला बाबांनी तलवार काकांपुढे धरली. अण्णा, हा मान तुझा, मी इतकी वर्षं नुसता सांभाळला, असं ते म्हणाले. काकांनी हात पुढे केले नाहीत.

"सुम्मने, गुपचूप घे रे तू. मला तिथं खरंच भीती वाटली होती. त्याला दुसरा शब्द मिळतो का, बघत होतो इतकी वर्षं... नाही मिळाला."

बाबांनी तलवार म्यानातून काढली, आणि काकांनी मला फुलांचं तबक आणायला सांगितलं. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त जेवले.

वर्षभर घरात सण नाहीत, म्हणून यंदा पूजा नाही. पुढच्या वर्षी तलवार बाबाच काढतील. आता घरात थोरले तेच आहेत.