टोपड्याचा लाल दोरा

मी भांडखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माणसांशी भांडते तशी देवाशीही भांडते. आमच्या गावात, आदिलाबादकडे भीमपूरच्या बाजूला, कुणाच्या घरी बाळ झालं की कुंचीसाठी निरोप माझ्याकडेच यायचा. खणाचे तुकडे, कडेला गोट, पाठीवर मण्यांची ओळ. बाया बाळाच्या आधी कुंचीचंच कौतुक करायच्या आणि मी फुगायची. खोटं कशाला बोलू?

त्या फुगण्यातच मी चुकले. आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याचं काही शिवत नाहीत. हे मला चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या लेकीसुनांसाठी कुणी घाई केली तर मीच त्यांना परत पाठवायची. पण माझ्या लेकीला, रेखाला पहिल्यांदा दिवस गेले आणि मला धीर धरवला नाही. सातव्या महिन्यातच कुंची शिवून पेटीत ठेवली. बाळ राहिलं नाही. दुसऱ्या खेपेला मनाला समजावलं की हे सगळं थोतांड आहे, आणि पुन्हा शिवली. तेही बाळ गेलं. डॉक्टरांनी रेखाच्या तब्येतीची कारणं सांगितली, ती पटलीही. गावात तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण बाया माझ्याकडे कशा बघतात ते मला कळत होतं. शेवटी मीच स्वतःला म्हटलं, तुझ्या सुईनंच खाल्ली लेकरं. सुईदोऱ्याचा डबा शेजारणीला देऊन टाकला. त्यानंतर चार वर्षं मी साधं बटणही लावलं नाही.

तिसऱ्या खेपेला रेखा दिवस भरायच्या आतच बाळंत झाली, आदिलाबादच्या दवाखान्यात. मुलगी झाली. कापूस वेचणीचे दिवस होते, सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता इतकी थंडी. बाळ एका ओंजळीत मावेल एवढं. आधी काचेच्या पेटीत ठेवलं, मग नर्सताई म्हणाल्या की आता आईच्या छातीशी उघडं धरायचं, आईची ऊब हेच तिचं औषध. "पण डोकं झाका, आजी. डोक्यातूनच ऊब निघून जाते. वजन घटून राह्यलं तिचं. नीट बसंल अशी टोपी पाह्यजे."

जावयांनी सगळा बाजार पालथा घालून तीन लोकरीच्या टोप्या आणल्या. त्यातली सगळ्यात लहान टोपी बाळाच्या हनुवटीपर्यंत उतरली. रेखानं माझ्याकडे पाहिलं.

"आई, तू शिव ना व टोपडं. तुले किती वेळ लागते?"

"माझ्या हातचं नको तिले," मी म्हटलं.

"काऊन अशी करून राह्यली तू?" म्हणत ती रडायला लागली. तिचं रडणं मला बघवेना. त्यातली ती लहान टोपी उचलली आणि मी सरळ बाहेर निघून आले.

दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली देवीचा शेंदूर लावलेला दगड आहे. आम्ही तिला मातामाय म्हणतो, तेलुगू लोक पोचम्मा म्हणतात. तिच्यापुढे बसून मी टोपी मागून दुमडली आणि मंगळसूत्राला अडकवलेली पिन काढून ती लहान करू लागले. पिन बाळाला टोचेल, चालायची नाही, हे कळत होतं, तरी हात थांबत नव्हते. शेवटी पिन माझ्याच बोटात घुसली आणि माझा तोल गेला. आजूबाजूला माणसं होती, पण मला कसली लाज उरली होती! मोठ्यानं म्हटलं, "सगळी दारं लावून घेतली तू. दोन लेकरं नेली, आता हिच्यावरही डोळा? मी काय कमी केलं तुझं? एक दार उघड माय. एकच. दुसरं काही मागत नाही."

तेवढ्यात मागून आवाज आला, "दारम कावाला?"

मला तेलुगू येतं ते बाजारापुरतं. कावाला म्हणजे पाहिजे का, एवढं कळतं. दार पाहिजे का? माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढी भांडखोर मी, पण मागे वळायची हिंमत होईना. कशीबशी वळले, तर माझ्याच वयाची एक बाई पान चघळत उभी. तिनं मघापासून माझी टोपी-पिनेची झटापट पाहिली असावी. तळहातावर लाल दोऱ्याचं रीळ धरून ती पुन्हा म्हणाली, "दारम, अम्मा, दारम!"

अव माय! दारम म्हणजे दोरा! मला हसू फुटलं. हसता हसता रडूही आलं.

ती शेजारी बसली आणि कमरेचा बटवा सोडला. हातानं शिवलेला, चौकटीचौकटीचा बटवा, त्यात पानसुपारी आणि त्यातच सुई. बाळाचं डोकं केवढं, हे मी मूठ वळून दाखवलं. तिनं पिशवीतून धुऊन धुऊन मऊ झालेला साडीचा तुकडा काढला आणि सुई माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतला. माझी सुई लेकरांना लागते, हे मी तिला कोणत्या भाषेत सांगणार होते? तिला वाटलं, म्हातारीला सुईचं नाक दिसत नाही. तिनं डोळे बारीक करून दोरा ओवला आणि सुई पुन्हा माझ्या हातात दिली. आता मला सबबच उरली नाही.

पहिला टाका वाकडा गेला, तो उसवून पुन्हा घातला. पाचव्या-सहाव्या टाक्याला हाताला आपलं काम आठवलं. बाळाला रुतू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूनं घेतली, आत एकही गाठ ठेवली नाही. बंद मात्र तिनं माझ्या हातातून घेऊन तिच्या पद्धतीनं लावले. तो टाका मी कधी पाहिला नव्हता. उन्हं कलायच्या आत टोपडं तयार झालं. रेखानं ते बाळाला घातलं, नीट कानाखाली बसलं. नर्सताई म्हणाल्या, "हे आधी काऊन नाही केलं?" दोन दिवस वजन होतं तिथंच राहिलं, तिसऱ्या दिवसापासून चढू लागलं.

त्या बाईला सुई परत द्यायला गेले तेव्हा ती दवाखान्यातल्या आपल्या लेकीला घेऊन निघून गेली होती. बेल्लमपल्लीची होती, लेक उटनूरकडे दिलेली, एवढंच वॉर्डातल्या आयाकडून कळलं. माझी भावजय म्हणते, ती मातामायच होती. मी वाद घालत नाही. मला ती पान खाणारी बाईच आठवते आणि मला तेवढं पुरतं. माझी गोष्ट ठाऊक असलेल्या कुणीही त्या दिवशी माझ्या हातात सुई दिली नसती. जिला ती ठाऊकच नव्हती, अशा बाईला नेमकं त्या झाडाखाली आणलं कुणी, हा विचार आला की माझे हात आपोआप जोडले जातात.

मी देवीला दार मागत होते आणि ते कसं असावं हेही मीच ठरवून बसले होते. तिनं माझ्या हातात दोरा दिला आणि काम माझ्याकडूनच करून घेतलं. शेजारणीकडून डबा परत आणला आणि मी आता पुन्हा कुंच्या शिवते. बाळ जन्मल्यावरच शिवते, पण भीतीनं नाही. बाळ देवीचं आहे, आधी तिनं ते हाती द्यावं, मग मी सुई उचलावी, एवढं मला कळलंय. भांडण मात्र सुटलं नाही, ते चालूच असतं.

आमच्या घरात आता दोऱ्याला कुणी दोरा म्हणत नाही. नात दोन वर्षांची झाली आहे. मी शिवायला बसले की माझ्या डब्यात हात घालते, लाल रीळ काढते आणि माझ्यापुढे धरून विचारते, "आजी, दालम पायजे?"

पाहिजे व माय, मी म्हणते, आणि तिच्या हातून घेते.