हरभऱ्यातली मूठभर ज्वारी

अन्नसाखळी शिकवून शिकवून माझा जीव विटलाय. फळ्यावर तेच गवत, तोच नाकतोडा, तोच बेडूक, वर तीच घार. सूर्याची ऊर्जा गवतात येते आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर दहातला जेमतेम एक वाटा सरकतो. बाकीची श्वासात, हालचालीत, उष्णतेत संपते. शेवटच्या तासाला हे सांगताना माझ्यातही तेवढीच उरलेली असते. मग मोटरसायकल काढायची आणि झरीच्या रस्त्यावरच्या आमच्या रानात जायचं. वडिलांची, म्हणजे अण्णांची, नजर अधू झाल्यापासून शेत माझ्या गळ्यात पडलं आहे.

अण्णांकडं एकच काम उरलं होतं. हरभरा पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळायची. हरभरा गुडघ्याच्या वर जात नाही. ज्वारीची ताटं मधूनमधून उंच होतात, त्यांच्यावर कोतवाल, साळुंक्या अशी पाखरं बसतात आणि हरभऱ्यावरच्या अळ्या टिपतात. यंदाही त्यांनी पाटीतलं बियाणं चाचपत ज्वारी टाकली. पण एका रविवारी मला ती ताटं तणासारखी दिसली. शेजाऱ्याचं रान कसं एकसारखं, स्वच्छ! आठवडाभराचा वैताग होताच, सगळी उपटून बांधावर फेकली. अण्णांना सांगितलं नाही. त्यांच्याशी वाद घालायचं त्राण कुणात होतं?

घाटे भरताना अळी पडली. पाठीवर पंप घेऊन दोनदा फवारलं. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेनं पँट ओली व्हायची, पायाच्या ओरखड्यांना झोंबायची, खांदे गळून जायचे. अळीचं मात्र फारसं काही बिघडलं नाही. पाखरं वरून येत आणि बसायला जागा नाही म्हणून थेट पुढच्या रानात जात. जी पायरी इतकी वर्षं फळ्यावर काढत आलो, ती मीच उपटून टाकली होती. स्वतःचाच असा राग आला की सांगता सोय नाही.

रोज घरी आलो की अण्णा ओसरीवरून विचारत, "पाखरं बसायलीत का रं ज्वारीवर?"

"बसायलीत," म्हणून मी हातपाय धुवायला जाई.

काढणीच्या आधी ते हट्टानं रानात आले. मी हात धरून बांधावर उभं केलं. बराच वेळ ते नुसते कान देऊन राहिले. मग खाली बसून त्यांनी घाटे चाचपले. निम्म्यांना भोकं पडलेली. मी बोलणी खायच्या तयारीनं उभा होतो.

"मीच इसरलो ज्वारी टाकायची," ते म्हणाले. "तू माझं मन राखायला 'बसायलीत' म्हणायलास. कोणती बसली, किती बसली, कवाच सांगितलं न्हाई. तवाच वळखलं. डोळे गेले ते गेले, आता डोकं बी चाललं माझं."

इतके दिवस हा माणूस एकट्यानं हे भय घेऊन ओसरीवर बसला होता.

"अण्णा, तुमी टाकली होती. मी उपटली."

"समदी?"

"समदी."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग बरंय," म्हणाले आणि उठायला माझ्याकडं हात केला. निम्मं पीक गेलेल्या रानात ते हसत होते, आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.