दोघांचं ग्रीन कार्ड

सुमोच्या टपावर बॅगा बांधून झाल्या होत्या. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, तरी बाबा फाटक धरून उभे. शेवटी ते मला नाही, माझ्या नवऱ्याला, नितीनला म्हणाले, "विनायकराव दोघांचं करतो म्हणालेत. आपल्या घरी बसून म्हणालेत. तेव्हा हिच्या नोकरीची मला काळजी नाही." नितीनने मान डोलावली. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मिरज मागे पडलं. ते २००४ साल होतं.

मी मिरजेच्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होते. पक्षाघाताचे पेशंट पुन्हा पायावर उभे राहताना बघायची मला सवय झाली होती, आणि ती सोडून नुसतं कुणाची तरी बायको म्हणून परदेशी जायचं माझ्या जिवावर आलं होतं. विनायककाका मूळचे सांगलीचे. व्हर्जिनियात हर्नडनला त्यांची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी. दर हिवाळ्यात येऊन इकडची मुलं निवडायचे आणि त्यांच्या घरी स्वतः जाऊन भेटायचे. नितीनला निवडून आमच्याकडे आले तेव्हा आईच्या हातची भरली वांगी त्यांनी दोनदा मागून घेतली. माझा चेहरा बघून म्हणाले, "नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तिथे नोकरी करता येत नाही, हे खरं आहे. पण ग्रीन कार्डचा अर्ज गेला की वर्क परमिट मिळतं. आणि नवऱ्याचा असो की बायकोचा, सगळा खर्च कंपनीचा. आमच्याकडे तसंच आहे." त्या वाक्यावर मी राजीनामा दिला.

हर्नडनच्या पहिल्या वर्षात काका-काकू नसते तर मी वेडी झाले असते. उषाकाकूंनी मला ड्रायव्हिंग शिकवलं. थंडीचा कोट घेऊन दिला. त्यांच्या घरी जाताना मी फोन करत नसे. दार ढकलायचं, शूज काढायचे आणि सरळ किचनमध्ये. कंपनीतल्या सगळ्यांच्या बायका त्यांच्या बेसमेंटमध्ये जमायच्या. आम्ही सगळ्या शिकलेल्या, सगळ्या घरी बसलेल्या. मला पेशंटची स्वप्नं पडत. आईला फोनवर मी सांगायचे, "होईल गं, काका आहेत ना."

वाट बघण्यात तीन वर्षं गेली. ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर पुढेच सरकेना. मग २००७च्या उन्हाळ्यात सरकारने अचानक दार उघडलं. ज्यांचे आधीचे टप्पे पूर्ण झाले होते, त्या सगळ्यांना एकदम शेवटचा अर्ज भरता येणार होता, पण थोडेच दिवस. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मेडिकल करून देणाऱ्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट मिळेना. आम्ही दोघांनी टोचून घेतलं, फोटो काढले, सह्या केल्या. नितीन म्हणाला, "काका, गर्दी असेल तर हिचा अर्ज मी वेगळा पाठवतो. फी मीच भरतो." काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, सगळं वकिलाकडून एकदम जाईल. तू मध्ये पडलास तर घोळ होईल. कंपनी भरते म्हटलं ना?"

आठवड्याभराने मी विचारलं तेव्हा त्यांनी हसून सांगितलं, "गेले! आता पेढे."

मी खरोखर पेढे केले. मिल्क पावडरचे, मायक्रोवेव्हमध्ये.

दार बंद झालं. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा नितीनची पोचपावती आली. माझी नाही. काका म्हणाले, सरकारकडे ढीग पडलाय, येईल. मी अजून थोडं थांबले आणि एका सकाळी वकिलाच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या मुलीने माझं आडनाव दोनदा स्पेल करून घेतलं. मग फार नम्रपणे सांगितलं की माझा अर्ज पाठवलेलाच नाही. कंपनीने फक्त एम्प्लॉयींचे पाठवायला सांगितले होते. बायकांचे नंतर बघू, असं म्हणाले होते.

मी गाडी काढली ती थेट काकूंकडे. त्या भेंडी चिरत होत्या. माझं ऐकून सुरी खाली ठेवली, पण आश्चर्य काही वाटलेलं दिसलं नाही. मी विचारलं, "काकू, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी चिरलेली भेंडी ताटात सारली. मग म्हणाल्या, "हे बघ, ह्यांचंही चुकत नाही सगळं. बायकांचे भरले की मुलं सहा महिन्यांत दुसरी कंपनी धरतात. मागे दोघं तसे गेले. बायकोचा अर्ज कंपनीच्या हातात राहिला की मुलगा जरा दमानं घेतो."

"म्हणजे मला मुद्दाम मागे ठेवलं?"

"तुला कशाला? सगळ्यांनाच," काकू म्हणाल्या. माझी समजूत काढायला म्हणाल्या असाव्यात.

पैशाचं असतं तर मी समजू शकले असते. लहान कंपनी, एवढ्या जणांची फी, वकिलाचा खर्च. "आम्हाला जमत नाही, तुमचं तुम्ही भरा," एवढं सांगायचं होतं. आम्ही भरलं असतं. पण मी त्यांच्याकडे नितीनला बांधून ठेवायची दोरी होते, आणि त्या दोरीला ते तीन वर्षं "बेटा" म्हणत होते.

नितीनला सांगितलं तेव्हा तो सोफ्यावर बसून राहिला. मग म्हणाला, "अर्जाला सहा महिने झाले की कंपनी बदलली तरी चालते. तोपर्यंत काही बोलू नकोस, प्लीज. आत्ता काकांनी हात काढून घेतला तर माझाही अर्ज बुडेल." त्याचं चुकत नव्हतं. तरी त्या क्षणी मला वाटलं, या देशात माझ्या बाजूने बोलणारं कुणीच नाही.

दिवाळीला काकांकडे नेहमीसारखा फराळ होता. मी जाणार नव्हते, नितीनसाठी गेले. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "या वर्षी आपल्या कुटुंबाचे सगळे अर्ज गेले, याहून मोठी दिवाळी कुठली!" बायका टाळ्या वाजवत होत्या. त्यांना माहीतच नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, माझा कुठे गेला? या सगळ्या बायकांचे कुठे गेले?"

टाळ्या थांबल्या. काका हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "अगं, घरातल्या गोष्टी अशा सगळ्यांसमोर बोलू नयेत."

"घरातल्या असत्या तर तुम्ही अर्ज पाठवला असतात," मी म्हणाले.

परतताना नितीन सावकाश गाडी चालवत होता. घराखाली गाडी थांबवून इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "बरं केलंस." पुढचे महिने त्याला कंपनीत फार कठीण गेले, पण काकांनी त्याच्या अर्जाला हात लावला नाही. वसंतात तो दुसऱ्या कंपनीत गेला. ती कंपनी माझा खर्च द्यायला तयार आहे, लेखी. पण रांगेच्या तारखा पुन्हा इतक्या मागे गेल्यात की माझा अर्ज भरायची वेळ कधी येईल, कुणी सांगू शकत नाही. दार उघडलं तेव्हा मी दारात उभी होते, एवढंच.

बाबांना मी बरेच महिने खोटं सांगत होते. शेवटी खरं सांगितलं. त्यांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ते म्हणाले, "आपल्याकडे जेवला होता गं तो." परत ये म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. तेव्हापासून विनायकरावांचं नाव त्यांनी काढलेलं नाही.

तुम्ही जे तिकडे राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही मिरज सोडून आलो म्हणजे एक घर सोडलं. मी दोन सोडली. मिरजेचं अजून जागेवर आहे, जाईन तेव्हा आई दार उघडेल. जिथे मी फोन न करता जात होते, ते मात्र आमच्यापासून दहा मिनिटांवर असूनही राहिलेलं नाही. सिग्नलला त्या रस्त्याकडे बघायचं मी टाळते. हे कुणाला सांगायला लाज वाटते, पण मला काकूंची आठवण येते.

सध्या मी इथल्या फिजिओथेरपीच्या लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास करते. मागच्या महिन्यात काकांच्या कंपनीत नागपूरचं एक नवं जोडपं आल्याचं कळलं. मुलगी डेंटिस्ट आहे. मी तिला घरी बोलावलं, वरण-भात वाढला. जेवता जेवता तीच म्हणाली, "ताई, काका म्हणालेत दोघांचं कंपनी करेल." मी तिला पोटभर जेवू दिलं. मग माझं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "लेखी घे. आणि तुझ्या अर्जाचं वकिलाला तू स्वतः विचार."

ती ताटाकडे बघत राहिली. "पण काकू किती छान आहेत," ती हळूच म्हणाली. "मला त्यांनी कोट घेऊन दिला."

"छानच आहेत," मी म्हणाले, आणि तिला अजून थोडा भात वाढला. ती जाताना मी सांगितलं, इथे यायचं तर फोन करायची गरज नाही.